पोळी बंद करण्याआधी : लहान मुलांची पिठाची ॲलर्जी आणि दमा

पुण्या-नाशिकहून नोकरीसाठी चेन्नईला बिऱ्हाड हलवलं की वर्षभरात काही घरांत एक तक्रार सुरू होते. तिकडे ठणठणीत असलेलं मूल इथे सारखं शिंकतं, पहाटे खोकतं, छातीत घरघर वाजते. शेजारची पाट्टी प्रेमाने सांगते, "गोदुमै वेण्डाम, सादम कुडुंग." म्हणजे गहू नको, भात द्या. गावाहून सासूबाई फोनवर बजावतात, "भात बंद कर, भाताने कफ होतो." दोन्ही सल्ले मायेचेच. पण दोन्ही ऐकले तर मुलाच्या ताटात उरायचं काय?

म्हणून आधी दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. युरोप्रीव्हॉल या आंतरराष्ट्रीय पाहणीत भारतातील शाळकरी मुलांमध्ये अन्नाच्या ॲलर्जीचं संभाव्य प्रमाण ०.१४ टक्के निघालं, म्हणजे हजारात एक-दोन मुलं. ग्लोबल ॲस्थमा नेटवर्कच्या पाहणीत दम्याची घरघर असलेली मुलं शंभरात सुमारे तीन आढळली, आणि त्यातल्या बहुतेकांचं निदानच झालेलं नव्हतं. या हिशेबाने घरघरणाऱ्या बहुतेक मुलांच्या दम्याचं मूळ पोळीत नसतं. ज्या थोड्यांना पीठ खरोखर बाधतं, त्यांच्याबाबत मात्र हयगय चालत नाही. दमा आणि अन्नाची ॲलर्जी एकाच मुलात असेल आणि दमा आटोक्यात नसेल, तर ॲलर्जीचा झटका जास्त गंभीर होऊ शकतो.

तेव्हा पोळी बंद करण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं मिळवा. कोणतं पीठ? ते शरीरात जातं कुठून? आणि त्रास पिठाचा आहे, की पिठात राहणाऱ्या आणखी कशाचा?

तोंडावाटे : गहू आणि बेसन

गव्हात ग्लायडिन, ग्लुटेनिन अशी अनेक प्रथिनं असतात. काही मुलांची प्रतिकारशक्ती त्यांना शत्रू समजते आणि त्यांच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करते. अशा मुलाने रव्याची खीर, बिस्किट किंवा पोळी खाल्ली की काही मिनिटांत, फार तर दोन तासांत लक्षणं दिसतात. ओठ किंवा डोळे सुजतात, अंगावर गांधी उठतात, उलट्या होतात, पोटात कळा येतात, खोकला किंवा घरघर सुरू होते. मुख्य खूण अशी, की तोच पदार्थ खाल्ला की जवळजवळ दर वेळी असंच घडतं आणि वेळही साधारण तीच असते.

याउलट मूल रोज पोळी खातं, अंगावर काही उठत नाही, उलटी होत नाही, पण पहाटे खोकतं आणि धावलं की धाप लागते, तर तो बहुधा साधा दमा असतो. तिथे पोळी काढून काही साधत नाही. उलट खरा उपचार लांबतो.

सिलिॲक हा आणखी वेगळा आजार आहे. त्यात ग्लुटेनमुळे लहान आतड्याचं अस्तर खराब होतं. जुलाब, पोट फुगणं, वजन आणि उंची न वाढणं, ॲनिमिया अशी लक्षणं महिनोन्महिने चालतात. घरघर हे त्याचं लक्षण नाही. डॉ. बी. एस. रामकृष्ण, डॉ. गोविंद मखारिया आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत प्रौढांमधलं सिलिॲकचं प्रमाण उत्तर भारतात १.२३ टक्के, तर दक्षिणेत ०.१० टक्के आढळलं. त्याच पाहणीत माणशी रोजचा गहू उत्तरेत सरासरी ४५५ ग्रॅम आणि दक्षिणेत २५ ग्रॅम होता. इथे एक पथ्य पाळा. सिलिॲकची शंका असेल तर रक्ततपासणी होईपर्यंत गहू चालू ठेवा. आधीच बंद केलात तर तपासणी चुकीने 'काही नाही' असं सांगू शकते.

बेसनाकडे आपलं लक्ष सहसा जात नाही. पण १९९७ साली मुंबईच्या पाटील, निफाडकर आणि बापट यांनी हरभरा हा भारतीय उपखंडातला अन्न-ॲलर्जीचा एक मोठा घटक असल्याचं शोधनिबंधातून मांडलं. पुरणपोळी खाऊन मुलाला त्रास झाला तर संशय कणकेवर येतो. दोष पुरणातल्या हरभराडाळीचाही असू शकतो. दोन्ही पदार्थ वेगवेगळ्या दिवशी खाल्ले तेव्हा काय झालं होतं, ते आठवून पाहा.

नाकावाटे : गिरणी आणि परात

पिठाच्या धुळीने दमा होतो, हे वैद्यकाला तीनशे वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझिनी यांनी कामगारांच्या आजारांवरच्या १७०० सालच्या ग्रंथात पीठ दळणाऱ्यांच्या आणि पाव भाजणाऱ्यांच्या खोकल्याची नोंद केली होती. आज त्याला बेकर्स ॲस्थमा म्हणतात. तो मुख्यतः वर्षानुवर्षं पिठात काम करणाऱ्या मोठ्या माणसांचा आजार आहे. घरच्या परातीतून उडणाऱ्या चिमूटभर पिठाने धडधाकट मुलाला दमा जडत नाही.

मात्र ज्याला गव्हाची ॲलर्जी ठरलेली आहे किंवा दमा आधीच आहे, त्याला उडालेल्या पिठाने खोकल्याची उबळ येऊ शकते. अशा मुलाला गिरणीत नेऊ नका. चेन्नईत बहुतेक वस्त्यांत 'मावु मिल' असते. तिथे गहू, हरभरा, मिरची, शिकेकाई सगळं आसपासच दळलं जातं. मिरचीची धूळ ॲलर्जी नसलेल्यालाही खोकवते. घरी पीठ चाळताना मूल दुसऱ्या खोलीत असू द्या, कणीक मळताना आधी पाणी घालून मग हलक्या हाताने पीठ मिसळा, आणि सांडलेलं पीठ झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने टिपा. घरातलं कुणी बेकरीत किंवा गिरणीत कामाला असेल, तर त्याने घरी आल्यावर हातपाय धुऊन, कपडे बदलून मगच मुलाला उचलावं.

त्वचेवाटे : कणकेचा गोळा आणि उटणं

बाळाच्या पाठीवरची लव जावी म्हणून कणकेचा गोळा फिरवणं ही आपल्याकडची जुनी रीत. अंघोळीला बेसन किंवा मसुराचं पीठही लावतात. तमिळ घरांत त्या जागी कडलै मावु किंवा पयत्तम मावु असतं, म्हणजे हरभऱ्याचं किंवा मुगाचं पीठ. निरोगी त्वचेवर यातून फार बिघडत नसेल. पण बाळाचे गाल, कोपरं, गुडघ्यांमागचा भाग कोरडा, लाल, खाजरा असेल, म्हणजे एक्झिमा असेल, तर ती त्वचा फाटक्या कुंपणासारखी असते. तिच्यातून आत शिरलेल्या अन्नातल्या प्रथिनांची शरीराला ॲलर्जी जडू शकते.

मोठ्यांच्या बाबतीत याचा ठळक पुरावा जपानने पाहिला. गव्हाचं विघटित प्रथिन घातलेला चेहऱ्याचा एक साबण वापरून तिथल्या दोन हजारांहून अधिक लोकांना गव्हाची ॲलर्जी जडली. आयुष्यभर निर्धास्त पाव-नूडल्स खाल्लेल्या माणसांना गहू पचेनासा झाला आणि २०११ साली तो साबण बाजारातून परत मागवावा लागला. तात्पर्य साधं आहे. एक्झिमा असलेल्या बाळाच्या अंगाला कोणतंही पीठ लावू नका. सौम्य साबण, कोमट पाणी आणि अंघोळीनंतर लगेच बिनवासाचं मॉइश्चरायझर पुरे.

गहू पोटात मात्र वेळेवर जाऊ द्या. सहा महिने झाल्यावर वरचं अन्न सुरू होतं तेव्हा मऊ शिजवलेला रवा, दलिया, पोळीचा कुस्करा थोडा थोडा द्यायला हरकत नाही. ॲलर्जीच्या भीतीने गहू वर्षभर लांबवल्याने बाळाचं रक्षण होतं, असं दिसलेलं नाही. बाळाला तीव्र एक्झिमा असेल किंवा एखाद्या अन्नाचा त्रास आधीच झाला असेल, तर डॉक्टरांना विचारून सुरुवात करा.

डब्यातले पाहुणे : चेन्नईची दमट हवा

नवं बिऱ्हाड केलेल्यांना चेन्नईत खास सांगायला हवी अशी गोष्ट म्हणजे माइट. धुळीतले हे सूक्ष्म जीव उघड्या डोळ्यांना जवळजवळ दिसत नाहीत. हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांखाली राहिली तर ते फार तगत नाहीत. सत्तर-ऐंशी टक्क्यांत फोफावतात. समुद्रकाठच्या चेन्नईत वर्षाचा बराच काळ त्यांना अशी हवा आयती मिळते, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पावसात तर विचारूच नका. गाद्या, उशा, मऊ खेळणी ही त्यांची मुख्य घरं. दमेकरी मुलांत सर्वांत जास्त आढळणाऱ्या ॲलर्जींपैकी ही एक आहे. कोरड्या हवेतून आलेल्या मुलाची घरघर इथे वाढली, तर कणकेआधी गादीकडे पाहा.

हेच माइट उघड्या पिठातही वाढतात. माइटची ॲलर्जी असलेल्या व्यक्तीने असं पीठ खाल्लं तर सूज, गांधी, घरघर, कधी जिवावर बेतणारा झटकाही येतो. १९९०च्या दशकात व्हेनेझुएलासारख्या उष्ण देशांतून अशा घटना नोंदल्या गेल्या. पॅनकेकनंतर त्रास झाल्याने त्याला पॅनकेक सिंड्रोम असंही म्हणतात. पीठ तळलं-भाजलं तरी माइटची ॲलर्जीकारक प्रथिनं टिकून राहतात. असा प्रकार विरळा असला तरी लक्षात ठेवण्यासारखी खूण आहे. मूल एरवी पोळी-बिस्किट मजेत खातं, पण जुन्या पाकिटातल्या पिठाचे गुलाबजाम, भजी किंवा धिरडं खाल्ल्यावरच त्रास होतो. तसं झालं तर उरलेलं पीठ फेकू नका. डबा झाकून बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना त्याची कल्पना द्या.

यावरचा बंदोबस्त सोपा आहे :

• महिन्याचं पीठ एकदम दळून आणू नका. आठ-दहा दिवसांपुरतंच आणा.
• घट्ट झाकणाच्या डब्यात भरून जमेल तेवढं फ्रिजमध्ये ठेवा. बेसन, मैदा, रवा आणि तयार मिश्रणांची फोडलेली पाकिटंही तिथेच.
• जुन्या पिठावर नवं ओतू नका. डबा रिकामा करा, धुवा, पूर्ण वाळवा, मग भरा.
• जाळी धरलेलं, पोरकिडे झालेलं, कुबट वासाचं पीठ चाळून वापरण्याचा मोह टाळा. किडे चाळणीत अडकतात, माइट अडकत नाहीत.
• फ्रीझरमध्ये ठेवल्याने माइट मरतात, पण त्यांची प्रथिनं पिठातच राहतात. थंडावा नव्या पिठासाठी आहे. खराब झालेलं पीठ त्याने सुधारत नाही.

निदान कसं होतं

डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन-तीन आठवड्यांची नोंदवही ठेवा. काय खाल्लं, किती वाजता, त्रास कधी सुरू झाला, काय काय झालं, किती वेळात थांबलं, त्या दिवशी ताप-सर्दी होती का, एवढंच लिहा. अंगावर काही उठलं तर फोनवर फोटो काढा. घरघरीचा व्हिडिओ घ्या, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत छाती शांत झालेली असते. एकदा जरी गंभीर झटका आला असेल, तर नोंदवहीत वेळ न घालवता लगेच जा आणि संशयित पदार्थ तोवर देऊ नका.

सुरुवात बालरोगतज्ज्ञांपासून करा. चेन्नईत सरकारी उपचारांसाठी एग्मोरचं इन्स्टिट्यूट ऑफ चाइल्ड हेल्थ आहे, नुंगमबाक्कमला कांची कामकोटी चाइल्ड्स ट्रस्ट हॉस्पिटल आहे. ॲलर्जीच्या कोणत्या चाचण्या कुठे होतात, ते आधी फोन करून विचारा. त्वचेवरची प्रिक टेस्ट तान्ह्या बाळावरही करता येते. तिच्याआधी काही दिवस ॲलर्जीची औषधं डॉक्टरांना विचारून थांबवावी लागतात. रक्तातल्या आयजीईची तपासणी हा दुसरा मार्ग. पण यांपैकी कोणतीही चाचणी 'पॉझिटिव्ह' आली म्हणजे ॲलर्जी ठरली, असं नाही. गवताच्या परागकणांची ॲलर्जी असलेल्या मुलाची गव्हाची चाचणीही पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि तरी ते पोळी सुखाने खात असतं. शंका उरली तर रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, तो पदार्थ थोडा थोडा वाढवत खाऊ घालून पाहतात. अंतिम निवाडा त्या परीक्षेचा. घरी ती करू नका. शेदीडशे पदार्थांची यादी हातात देणाऱ्या आयजीजी चाचण्यांवर पैसे घालवू नका. त्या ॲलर्जी सांगत नाहीत.

दम्यासाठी फुंकून करायची स्पायरोमेट्री साधारण पाच-सहा वर्षांनंतरच नीट जमते. त्याआधी डॉक्टर घरघरीची पद्धत, घरातल्यांचा दमा-एक्झिमाचा इतिहास आणि औषधाला मिळणारा प्रतिसाद पाहून निदान करतात.

गहू बंद करायचा ठरला, तर

निदान पक्कं झालं तर एक दिलासा आहे. गव्हाची ॲलर्जी असलेल्या मुलासाठी चेन्नई सोयीचं शहर आहे. इडली, साधा डोसा, इडिअप्पम, पुट्टू, पोंगल हे सगळं मुळात तांदूळ आणि डाळींचं. ज्वारी इथे चोळम म्हणून, बाजरी कम्बु म्हणून आणि नाचणी केळवरगु म्हणून मिळते. साबुदाणा तर तमिळनाडूच्या सेलमचाच. भाकरी, घावन, उकडीचे मोदक, अनारसे, राजगिऱ्याचे लाडू यांत आपली सणावाराचीही सोय होते. महागड्या 'ग्लुटेन-फ्री' पाकिटांची गरज फारशी पडत नाही.

धोका असतो तो लपलेल्या गव्हाचा. चेन्नईत या जागांवर नजर ठेवा :

• हिंग. बाजारातल्या खड्याच्या आणि पुडीच्या मिश्र हिंगात, म्हणजे कूट्टु पेरुंगायममध्ये, पुष्कळदा मैदा किंवा गव्हाचा स्टार्च असतो. सांबार, रसम, वडा, लोणचं, ताक, सगळीकडे हिंग असतोच. तांदळाच्या पिठात किंवा डिंकात केलेला हिंग लेबल वाचून निवडा.
• सत्तु मावु. बाळांना देतात ते हे पौष्टिक पीठ. त्यात अनेकदा गहू, डाळं, शेंगदाणे, बदाम एकत्र दळलेले असतात. आपलं सातूचं पीठ, मेतकूट आणि थालिपिठाची भाजणी यांतही गहू आणि हरभरा असतो.
• सांबा रवै. हा आपला खपली गहू. 'पारंपरिक आहे, बाधत नाही' असं दुकानदार सांगतो. ॲलर्जीवाल्या मुलासाठी तो गहूच.
• रवा डोसा, रवा इडली, सेमिया, परोट्टा, केसरी, तिरुनेलवेली हलवा. हलवा तर गव्हाच्या चिकाचाच.
• हॉटेलचा तवा. परोट्टा किंवा रवा डोसा झालेल्या तव्यावर साधा डोसा घातला जातो.
• गिरणी. गव्हानंतर लगेच दळलेल्या ज्वारीत गहू येतोच. घरघंटी किंवा मिक्सर वेगळा ठेवणं सर्वांत बरं.

हरभऱ्याची ॲलर्जी असेल तर मात्र चेन्नई अवघड जाते. इडलीबरोबरच्या नारळाच्या चटणीत पोट्टुकडलै असतं, म्हणजे आपलं डाळं. बज्जी, म्हैसूर पाक, मिक्स्चर हे तर उघडच आहे. शिवाय २०२०च्या केंद्रीय लेबलिंग नियमांत ॲलर्जीकारक म्हणून ठळकपणे सांगायच्या पदार्थांत ग्लुटेनयुक्त धान्यं, दूध, अंडी, शेंगदाणे, सोयाबीन वगैरे आहेत, पण हरभरा नाही. म्हणून पाकिटावरची ॲलर्जीची ओळ वाचून थांबू नका. घटकांची पूर्ण यादी वाचा.

घरातली हवा

पिठाचा दोष निघो वा न निघो, दमा असेल तर घरातली हवा सुधारणं चुकत नाही. गादी-उशांना माइट रोखणारी घट्ट विणीची आच्छादनं घाला. चादरी आठवड्याला साठ अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात धुवा. भिंतीतली ओल दुरुस्त करून घ्या, एसीची जाळी धुवत राहा, फोडणीच्या वेळी खिडकी उघडा किंवा पंखा लावा.

धूर कोणताही असो, दमेकरी छातीला तो नकोच. बाळंतिणीच्या खोलीतली ओवा-वेखंडाची धुरी आणि तमिळ घरांत न्हाऊ घातल्यावर बाळाच्या केसांना दिली जाणारी सांबराणी, दोन्ही कौतुकाच्या प्रथा, आणि दोन्ही बंद करण्याजोग्या. डासांच्या कॉइलऐवजी मच्छरदाणी लावा. जानेवारीत पोंगलच्या आदल्या दिवशी, भोगीच्या पहाटे, जुन्या वस्तू जाळल्याने शहरभर धूर साचतो. दिवाळीतही तेच. त्या दिवशी खिडक्या लावून मुलाला घरात ठेवा, आणि आधीच्या आठवड्यात त्याचं रोजचं औषध चुकलेलं नाही ना, ते पाहा.

सांगलीच्या खानापूर-आटपाडी भागातून गलाईच्या व्यवसायासाठी दक्षिणेत आलेल्या कुटुंबांनी आणखी एक गोष्ट बघावी. खाली भट्टी आणि वर बिऱ्हाड असेल, तर सोनं-चांदी शुद्ध करताना नायट्रिक ॲसिडमधून निघणारे तांबूस धूर श्वासनलिकेला थेट झोंबतात. अशा घरात मुलाचा खोकला हटत नसेल, तर पोळीची चौकशी करण्याआधी धुराड्याची करा. भट्टीच्या वेळी मूल त्या इमारतीत नसावं.

इन्हेलरची भीती

'पंपाची सवय लागते' हा समज मुलांचं फार नुकसान करतो. इन्हेलरमधून औषध थेट फुप्फुसात जातं, म्हणून मायक्रोग्रॅममधली मात्रा पुरते. तेच औषध पोटातून द्यायचं तर कितीतरी जास्त द्यावं लागतं. रोज घ्यायचा स्टेरॉइड इन्हेलर सूज कमी ठेवतो. सालब्युटामॉलचा इन्हेलर झटक्याच्या वेळी नळ्या मोकळ्या करतो. पहिला बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने थांबवायचा नसतो.

लहान मुलाला इन्हेलर नेहमी स्पेसर लावूनच द्या. चार वर्षांखालच्याला मास्कही हवा. इन्हेलर हलवा, मास्क नाकातोंडावर घट्ट बसवा, एका वेळी एकच पफ दाबा आणि मुलाला पाच-सहा श्वास नेहमीसारखे घेऊ द्या. दुसरा पफ त्यानंतर. स्टेरॉइड दिल्यावर चूळ भरायला लावा, मास्कखालचा चेहरा पुसा. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून न पुसता वाळू द्या. पुसल्याने आत स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला चिकटतं.

झटका आला तर

घरघर वाढली तर मुलाला बसतं ठेवा आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मात्रेत सालब्युटामॉल द्या. बाळाचं पोट उडत असेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, दूध ओढता येत नसेल किंवा वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, मूल गळून गेलं असेल, किंवा औषधाने आराम पडत नसेल, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा.

खाल्ल्यानंतर अंगावर गांधी किंवा सूज आणि त्याच्या जोडीला घरघर, वारंवार उलट्या किंवा भोवळ असेल, तर तो ॲनाफिलॅक्सिस समजा. त्यावरचं पहिलं औषध ॲड्रेनालीन. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत देतात, किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे पंधरा किलोच्या मुलाला ०.१५ मिलिग्रॅम. परदेशात मिळणारी तयार पेनं आपल्याकडे सहज मिळत नाहीत. त्यामुळे मुलाला असा झटका येऊन गेला असेल, तर औषध कोणत्या स्वरूपात ठेवायचं, किती भरायचं, कसं टोचायचं, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि त्यांच्यासमोर करून दाखवा. आधी ॲड्रेनालीन, मग १०८ ला फोन, मग इन्हेलर. मुलाला झोपवा, धाप असेल तर बसवा, पण उभं करू नका, चालवू नका. ॲलर्जीची गोळी किंवा सिरप ॲड्रेनालीनची जागा घेत नाही. बरं वाटलं तरी काही तास रुग्णालयात थांबा, कारण झटका परतू शकतो.

शाळेत सांगून ठेवा

बालवाडीत खेळायला देतात त्या मऊ रंगीत गोळ्यात, प्ले-डोमध्ये, बरेचदा गव्हाचं पीठ असतं. तांदळाच्या पिठाचा गोळा घरून करून द्या. सरकारी प्राथमिक शाळांत सप्टेंबर २०२२पासून मुख्यमंत्री न्याहारी योजना आहे. तिच्यात रव्याचा, शेवयांचा, गव्हाच्या रव्याचा उपमा आलटूनपालटून असतो. मूल त्या शाळेत असेल तर मुख्याध्यापकांना लेखी कळवा. डॉक्टरांची सही असलेला एक पानी कागद, इन्हेलर आणि स्पेसर शाळेत ठेवा. दोन वाक्यं तमिळमध्ये येत असली की काम सोपं होतं : "कुळंदैक्कु गोदुमै, मैदा, रवै ओत्तुक्कादु" (बाळाला गहू, मैदा, रवा चालत नाही) आणि "मूच्चु तिणरल इरुक्कु" (दम लागतोय). 'वीसिंग' हा शब्द इथे रिक्षावाल्यालाही कळतो.

बंदी कायमची नसते

गव्हाची ॲलर्जी असलेली बरीच मुलं ती मागे टाकतात. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या २००९च्या अभ्यासात चार वर्षांपर्यंत २९ टक्के, आठ वर्षांपर्यंत ५६ टक्के आणि बारा वर्षांपर्यंत ६५ टक्के मुलं बरी झाली होती. म्हणून वर्ष-दीड वर्षाने फेरतपासणी करून घ्या. गहू पुन्हा सुरू करायचा तोही रुग्णालयातल्या परीक्षेनंतरच.

आणि आज, निदान व्हायचं असताना, घरघरीशिवाय दुसरं काही लक्षण नसेल तर पोळी चालू ठेवा. पिठाचा डबा फ्रिजमध्ये जाऊ द्या, गादीला आच्छादन घाला, धुरी थांबवा, नोंदवही सुरू करा. ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि पहिला प्रश्न 'काय बंद करू?' असा विचारू नका. 'दमा आहे का, आणि असेल तर आटोक्यात कसा ठेवायचा?' असा विचारा.